जुन्या मोपेडची रास्त किंमत कशी ठरवावी? कुंभकोणमच्या बाजाराचा मागोवा

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे शहर देवळे, पितळी भांडी आणि डिग्री कॉफी यांसाठी देशभर ओळखले जाते. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेल्या या शहराच्या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट सतत नजरेस पडते, ती म्हणजे मोपेड. दुधाच्या किटल्या, केळीची पाने, फुलांच्या टोपल्या, तसेच 2025 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली येथील विड्याची पाने, असा सारा माल या छोट्या दुचाकीवरूनच मळ्यातून बाजारात येतो. साहजिकच जुन्या मोपेडला येथे नेहमी गिऱ्हाईक असते.

पूर्वी हा व्यवहार ओळखीच्या मेकॅनिकमार्फत किंवा तामिळनाडूत ज्यांना ‘कन्सल्टिंग’ म्हणतात अशा जुन्या गाड्यांच्या दुकानांत होत असे. ओएलएक्स भारतात 2006 मध्ये आणि क्विकर 2008 मध्ये सुरू झाल्यानंतर छोट्या जाहिराती महाजालावर आल्या; पुढे फेसबुकच्या मार्केटप्लेसचीही त्यात भर पडली. गाडी न पाहताच दूरध्वनीवरून भाव बोलण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. जाहिरातीतील आकडा आणि गाडीची खरी किंमत यांत मात्र बरेच अंतर असू शकते. हे अंतर केवळ घासाघिशीने कापले जात नाही. त्याला हिशेबाची आणि त्याहून अधिक कागदपत्रांची जोड लागते.

छोटी दुचाकी म्हणजे नेमकी कोणती?

मोटार वाहन कायद्यात ‘मिनीबाइक’ असा स्वतंत्र वर्ग नाही. भारतात हे नाव निरनिराळ्या गाड्यांना चिकटले. 1973 च्या ‘बॉबी’ चित्रपटात दिसलेली एस्कॉर्ट्सची राजदूत जी.टी.एस. 175 ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. आज ती हौशी संग्राहकांची वस्तू झाली असून तिच्या किमतीला कोणतेही कोष्टक लागू पडत नाही. होंडाने 2016 मध्ये आणलेली नवी ही अलीकडची छोटी मोटरसायकल. याखेरीज लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बुटक्या ‘पॉकेट बाइक’ जाहिरातींत आढळतात. नोंदणीपुस्तक नसलेली अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे कितीही स्वस्त मिळाली तरी ती वाहन म्हणून उपयोगाची नाही.

कुंभकोणममध्ये प्रत्यक्षात छोटी दुचाकी म्हणजे टी.व्ही.एस.ची मोपेड. महाराष्ट्रात 1972 पासून लूनाने जे स्थान मिळवले, तेच तामिळनाडूत होसूरच्या कारखान्यातून 1980 मध्ये बाहेर पडलेल्या टी.व्ही.एस. 50 या गाडीने मिळवले. ते मॉडेल केव्हाच मागे पडले, तरी गावोगावी आजही कोणत्याही मोपेडला ‘टी.व्ही.एस. फिफ्टी’ असेच म्हणतात. खरेदीदाराने येथेच सावध झाले पाहिजे. जाहिरातीत केवळ हेच नाव असेल, तर गाडी 69.9 सी.सी.ची जुनी टू-स्ट्रोक एक्सएल आहे की 2015 मध्ये आलेली 99.7 सी.सी.ची फोर-स्ट्रोक एक्सएल 100, हे आधी विचारावे. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकानुसार बनलेल्या एक्सएल 100 मध्ये कार्बुरेटरऐवजी इंधन-इंजेक्शन आहे. म्हणजे एकाच नावाखाली तीन वेगळ्या किमतीच्या गाड्या विकल्या जातात.

आणखी एक गैरसमज पालकांमध्ये आढळतो. सोळा वर्षांच्या मुलांना परवाना मिळतो तो 50 सी.सी.पर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी. वर उल्लेखिलेल्या दोन्ही एक्सएल त्या मर्यादेबाहेर आहेत. शाळकरी मुलासाठी ‘साधी मोपेड’ शोधणाऱ्यांनी 2019 च्या कायदादुरुस्तीने अल्पवयीन चालकाच्या पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली आहे, हे विसरू नये.

किमतीचा हिशेब

भावाची बोलणी विक्रेत्याच्या आकड्यापासून सुरू करणे ही सर्वसाधारण चूक आहे. विक्रेत्याने 32,000 रुपये म्हटले की खरेदीदार 25,000 म्हणतो आणि सौदा मध्यावर कुठेतरी तुटतो. पहिला आकडाच फुगवलेला असेल, तर मध्यही फुगलेलाच येणार.

त्याऐवजी त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची शोरूम किंमत हा पाया मानणे योग्य ठरते. येथे ‘आजची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. कर वगळता 40,000 रुपये मूल्याची गाडी पूर्वी 51,200 रुपयांना पडत असे, ती नव्या दराने 47,200 रुपयांना पडते. ही घट सुमारे 7.8 टक्के आहे. त्यापूर्वी गाडी घेतलेला विक्रेता आपल्या जुन्या पावतीवरून भाव सांगतो. त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही, त्याने खरोखर तेवढे पैसे मोजलेले असतात. परंतु खरेदीदाराला नवी गाडी ज्या भावाने मिळते त्यावरच जुनीचे मोल ठरते आणि ही गोष्ट सौजन्याने दाखवून देता येते.

त्यानंतर घसारा. विमा कंपन्या गाडीचे विमामूल्य ठरवताना जे कोष्टक वापरतात, ते सामान्य खरेदीदारालाही उपयोगी पडते. त्यानुसार सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीस 5 टक्के, सहा महिने ते एक वर्षास 15 टक्के, दोन वर्षांपर्यंत 20, तीन वर्षांपर्यंत 30, चार वर्षांपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के घट धरतात. त्यापुढे मूल्य परस्परसंमतीने ठरते. वरील उदाहरणातील गाडी साडेचार वर्षांची असेल, तर तिचे मूल्य 47,200 च्या निम्मे, म्हणजे 23,600 रुपये येते. जुन्या पावतीवर तोच हिशेब केला असता 25,600 रुपये आले असते. केवळ पाया बदलल्याने पडलेला हा 2,000 रुपयांचा फरक मोपेडच्या व्यवहारात लहान नाही.

अर्थात हे कोष्टक विम्याचे आहे, बाजाराचे नाही. ज्या भागात मोपेड हे कमाईचे साधन आहे, तेथे तिचा भाव कोष्टकापेक्षा वर राहू शकतो. म्हणून त्याच मॉडेलच्या, साधारण त्याच वर्षाच्या आठ-दहा जाहिराती कुंभकोणम, तंजावर, मायिलादुतुरै आणि तिरुचिरापल्ली या भागांतून पाहून मधला भाव काढावा. दोन-तीन आठवडे तशाच पडून राहिलेल्या जाहिराती विशेष बोलक्या असतात, कारण त्या भावाला कोणी घेतले नाही हे त्यांतून कळते. कोष्टकाचा आकडा आणि हा मधला भाव यांच्या दरम्यान सौद्याची जागा असते. दुरुस्तीचा खर्च त्यातून वेगळा वजा करावा.

विम्याचेही मोल असते. 1 सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे साडेचार वर्षांच्या गाडीस सहा महिन्यांचे संरक्षण अजून शिल्लक असते. ते संपलेले असल्यास, 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरानुसार 75 ते 150 सी.सी.च्या दुचाकीस वर्षाला 714 रुपये व त्यावर 18 टक्के कर, म्हणजे सुमारे 843 रुपये खर्च धरावा. 75 सी.सी.पर्यंत हाच हप्ता करापूर्वी 538 रुपये आहे. विक्रेत्याला मिळालेली ‘नो क्लेम’ सवलत मात्र त्याच्याकडेच राहते, गाडीबरोबर येत नाही.

गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर हिशेब निराळाच होतो. नोंदणीची मुदत पंधरा वर्षे असते आणि पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून दुचाकीस 300 वरून 1,000 रुपये झाले, तर वीस वर्षांवरील दुचाकीस ऑगस्ट 2025 मध्ये ते 2,000 रुपये करण्यात आले. दहा हजारांच्या आत मिळणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक मोपेडच्या बाबतीत हा खर्च किमतीचा लक्षणीय भाग ठरतो. महाराष्ट्रातील खरेदीदारांना यात आणखी एका खर्चाची भर घालावी लागते: एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी लावली आहे का, ते पाहावे. नसल्यास दुचाकीस कर वगळता 450 रुपये पडतात.

गाडी पाहताना

कावेरीच्या खोऱ्यातील गाड्यांची झीज तेथील कामाप्रमाणे होते. मोपेडचे मागील आसन काढून त्या जागी माल लादणे सर्रास चालते. म्हणून मागचा कॅरिअर आणि सांगाडा जेथे जोडला आहे तेथे नवे वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसतो का, हे प्रथम पाहावे. मागच्या चाकाच्या तारा, शॉक अॅब्सॉर्बर, साखळी आणि तिची दाती चक्रे यांवर भाराचा परिणाम लवकर दिसतो. चमकणारी टाकी आणि वाकलेला कॅरिअर असे जोडीने आढळले, तर रंग विक्रीपुरता दिलेला आहे असे समजण्यास हरकत नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. कालवे भरून वाहतात, शेतवाटांवर पाणी येते. त्या पाण्यातून गेलेल्या गाडीचा सायलेन्सर खालून गंजतो, ब्रेकच्या पट्ट्या आवाज करतात, विजेची जोडणी हिरवट पडते. पावसाळा संपल्यावर जानेवारीत गाडी पाहणाऱ्याने तिला आडवी करून खालची बाजू अवश्य तपासावी.

विक्रेत्याला दूरध्वनी करतानाच इंजिन आधी सुरू करून न ठेवण्याची विनंती करावी. थंड इंजिन किती किकमध्ये सुरू होते, यावरून बरेच काही कळते. फोर-स्ट्रोक गाडीने निळसर धूर टाकल्यास पिस्टनच्या रिंगांचे काम निघण्याची शक्यता असते. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच जळत असल्याने थोडा धूर स्वाभाविक आहे. अंतरमापकावर फार विसंबू नये. मोपेडमध्ये त्याची केबल तुटणे ही नित्याची गोष्ट आहे आणि ती पुन्हा बसवण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. पायाखालच्या रबराची आणि हँडलच्या मुठींची झीज अधिक खरे सांगते.

या भागात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना भाषेची अडचण जाणवते. मराठ्यांची सत्ता तंजावरवर 1855 पर्यंत होती आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 मध्ये कुंभकोणमचाच. पण बाजारातील भाव तमिळमध्येच ठरतो. तमिळमध्ये घासाघिशीला ‘पेरम’ म्हणतात आणि ‘कडैसी विलै’ म्हणजे शेवटची किंमत. स्थानिक मेकॅनिकला त्याची मजुरी देऊन सोबत नेणे सर्वांत सोयीचे. मात्र तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

बोलणी

जाहिरातीखालील पहिल्याच संदेशात ‘लास्ट किती?’ असे विचारण्याची सवय आता सार्वत्रिक झाली आहे. तिचा उपयोग नाही. न पाहिलेल्या गाडीचा भाव विक्रेता मनापासून उतरवत नाही आणि उतरवलाच तर त्या उतरलेल्या भावाला खरेदीदार बांधला जातो. दूरध्वनीवर फक्त माहिती घ्यावी: वर्ष, मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्ज फिटले का, पुस्तकावर नाव कोणाचे. भावाचे बोलणे गाडी पाहिल्यानंतर, दोषांची यादी हातात असताना व्हावे. ‘फार महाग आहे’ या वाक्याला विक्रेत्याकडे उत्तर तयार असते. ‘दोन्ही टायर बदलावे लागतील, त्याचे इतके, साखळीसंच इतका’ या वाक्याला त्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते.

येथे उलट बाजूही लक्षात घ्यावी लागेल. मोपेड विकणारा बहुधा व्यापारी नसतो. कोणी दूधवाला, कोणी फुलवाला नव्या गाडीचे पहिले पैसे उभे करण्यासाठी जुनी विकत असतो. दोष नसताना दोष काढून, नड ओळखून भाव पाडणे शक्य असते. पण तशा सौद्यात विक्रेता पुढे नावबदलाच्या कागदांवर सही करायला यायला टाळाटाळ करतो आणि वाचवलेल्या हजार रुपयांपेक्षा ते हेलपाटे महाग पडतात.

काळवेळही भावावर परिणाम करते. आडी (मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट) आणि मार्गळी (मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी) हे तमिळ महिने नव्या कामांसाठी टाळले जातात, आपल्याकडे पितृपक्षात खरेदी थांबते तसेच. हा संकेत ज्याला बाधत नाही त्याला त्या दिवसांत बोलणीस अधिक वाव मिळू शकतो. पोंगलनंतर सांबा भाताचे पीक घरात आले की शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो आणि चांगली मोपेड फार दिवस विकायची राहत नाही.

पुस्तकावरील नाव

सर्वांत मोठी जोखीम किमतीत नसून नावबदलात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यांतर्गत विक्री झाल्यास विक्रेत्याने 14 दिवसांत आणि खरेदीदाराने 30 दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवणे आवश्यक आहे. विक्रेत्याची सूचना नमुना 29 मध्ये, तर अर्ज नमुना 30 मध्ये असतो. कुंभकोणमच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा संकेतांक टी.एन. 68 आहे. दुचाकीच्या हस्तांतरणाचे केंद्रीय नियमांतील शुल्क 150 रुपये असून कार्डाचे व इतर आकार वेगळे द्यावे लागतात.

एवढ्या अल्प खर्चाचे काम असूनही अनेकदा विक्रेत्याच्या सहीचे कोरे नमुने तसेच जवळ ठेवून गाडी हातोहात फिरत राहते. त्याचा परिणाम काय होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालावरून दिसते. 2009 मध्ये अपघात झालेली एक मोटार त्यापूर्वी अनेकांच्या हातून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे होती. नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक होय आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ही बाब विक्रेत्यालाही समजावून सांगण्यासारखी आहे. नावबदल करून देणे हा खरेदीदारावरील उपकार नसून त्यात त्याचेच रक्षण आहे, हे पटले की बोलण्यातील ताण पुष्कळ कमी होतो.

परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीचे वर्ष, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा तपासता येतो. थकीत दंडाची माहिती ई-चलन संकेतस्थळावर मिळते. बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना 35 मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत. सांगाड्यावरील क्रमांक आणि इंजिन क्रमांक पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. गंजामुळे क्रमांक वाचता येत नसेल तर परिवहन कार्यालयातील तपासणीत अडचण येऊ शकते.

दुकानातून घेणाऱ्यांसाठी 1 एप्रिल 2023 पासून वेगळा नियम आहे. जुन्या नोंदणीकृत वाहनांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात आल्याची सूचना नमुना 29-सी मध्ये द्यावी लागते. ते अधिकारपत्र दाखवण्यास सांगणे गैर नाही. दुसऱ्या राज्यातील स्वस्त गाडीचा मोह मोपेडच्या बाबतीत टाळलेलाच बरा. नमुना 28 चे ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्यातील कर आणि फेऱ्या यांत सगळी बचत खर्ची पडते.

जाहिरातींतील फसवणुकीचा एक साचा आता पुरेसा परिचित आहे. विक्रेता स्वतःला सैन्यदलातील किंवा विमानतळावरील जवान म्हणवतो, बदली झाल्याचे सांगतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो आणि भाव बाजारापेक्षा निम्मा ठेवतो. गाडी ‘पार्सलने’ पाठवण्यासाठी आधी थोडे पैसे मागितले जातात. मग पुन्हा थोडे. गाडी प्रत्यक्ष पाहण्याआधी इसारही देऊ नये, हा एकच नियम पाळला तरी हा साचा निष्प्रभ होतो. जुनी गाडी विकणाऱ्यांनाही क्यूआर कोड पाठवून गंडवले जाते. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

मूळ मालक हयात नसल्यास काय, हा प्रश्न या भागात वरचेवर उद्भवतो. वडिलांची मोपेड मुलगा विकायला काढतो आणि पुस्तकावर वडिलांचेच नाव असते. अशा वेळी वारसाने मृत्यूनंतर 30 दिवसांत कार्यालयास कळवून तीन महिन्यांच्या आत नमुना 31 मध्ये अर्ज करणे आणि गाडी आधी स्वतःच्या नावे करून घेणे अपेक्षित असते. तसे झालेले नसेल, तर भाव ठरवून इसाराची छोटी रक्कम लेखी पावतीवर द्यावी, उरलेली रक्कम वारसाचे नाव पुस्तकावर चढल्यानंतर द्यावी आणि गाडीही तोपर्यंत विक्रेत्याच्याच अंगणात राहू द्यावी. शेवटची रक्कम देताना ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घेतात, कारण त्या दिवशी अपघात वा दंड झाल्यास गाडी कोणाच्या हाती होती हे त्यावरूनच ठरते. कुंभकोणममध्ये ही वेळ बहुधा राहुकाळ टाळून ठरवली जाते.